होळकर संघाचे उच्चांक : कोणते मोडतील, कोणते राहतील?

ज्या संघाचे नाव आज कोणत्याही स्पर्धेच्या वेळापत्रकात सापडत नाही, त्याचा उच्चांक उद्या कोणी मोडला तर हळहळावयाचे कोणी? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु माळव्यातील क्रिकेटच्या बाबतीत तो खरोखरच उपस्थित होतो. इंदूरचा होळकर संघ १९५४-५५ च्या हंगामानंतर रणजी करंडक स्पर्धेतून नाहीसा झाला. त्याने केलेल्या धावा, घेतलेले बळी आणि सोसलेले मारही मात्र आकड्यांच्या पुस्तकांत जसेच्या तसे आहेत. संघाला मैदान नाही, खेळाडू नाहीत, कर्णधार नाही. जे काही आहे ते एवढेच आहे. म्हणूनच त्यातले काय टिकणार आणि काय जाणार, याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे.

हा हिशेब केवळ इंदूरकरांचा नव्हे. इंदूरच्या एका अंगाला देवास, दुसऱ्या अंगाला धार. दोन्ही पवारांची गावे, दोन्हीकडे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात शेजारी शेजारी चालत. पण यांपैकी एकाही संस्थानाचा स्वतःचा रणजी संघ नव्हता. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा या सर्व संस्थानी मुलखाच्या वतीने ‘मध्य हिंदुस्थान’ या नावाचा संघ उतरत असे. १९४१-४२ पासून त्याची जागा होळकर संघाने घेतली. राजमुद्रा इंदूरची असली, तरी धार-देवासच्या मनुष्याला आपला म्हणावयास जवळचा संघ तोच होता.

पुढे एक मौजेची गोष्ट घडली. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघराज्य अस्तित्वात आले. इंदूर, धार आणि दोन्ही देवास त्यात विलीन झाले. राज्ये गेली, पण होळकर हे नाव क्रिकेटच्या धावफलकावर आणखी सात हंगाम राहिले. एवढेच नव्हे, तर संघाने मिळविलेल्या चार रणजी अजिंक्यपदांपैकी दोन, म्हणजे १९५०-५१ चे आणि १९५२-५३ चे, ही संस्थान विलीन झाल्यानंतरची आहेत. ज्या राजघराण्याचा खजिना आणि फौज इतिहासजमा झाली होती, त्याच्या नावाने अकरा खेळाडू अजूनही सामने जिंकत होते!

या संघाचा पाया सी. के. नायडूंनी घातला असे म्हणण्यास हरकत नाही. मूळचे नागपूरचे नायडू १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदूरला आले, त्यांना होळकरांच्या फौजेत हुद्दा मिळाला, आणि पुढे ‘कर्नल’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. त्यांच्याभोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड अशी मंडळी वेगवेगळ्या वर्षी जमत गेली. यांतले कित्येक जन्माने माळव्याचे नव्हते. सरवटे सागरचे, गायकवाड नागपूरचे, निंबाळकर कोल्हापूरचे. देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती म्हणून गेले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना माळवा आणि कोल्हापूर यांच्यामधल्या या जा-ये चे नवल वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. होळकर संघाचा सर्वांत गाजलेला हंगाम १९४५-४६ चा. त्याच वर्षी संघाने रणजी करंडक प्रथम जिंकला. त्या हंगामात उपान्त्य सामना म्हैसूरशी इंदूरला झाला आणि होळकर संघाने ८ बाद ९१२ या धावसंख्येवर डाव घोषित केला. हा आकडा मोठा आहेच. पण त्याच्या पोटात दडलेला दुसरा आकडा त्याहून मोलाचा आहे. त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके काढली. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. सहांपैकी चार नावे मराठी आहेत, हे मराठी वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. सहांची बेरीज ७८० होते. म्हणजे उरलेल्या साऱ्यांनी मिळून, अवांतर धावा धरूनसुद्धा, १३२ धावा केल्या. सरवटे यांनी तर त्याच सामन्यात ६१ धावांत ९ बळीही घेतले. शतक आणि एका डावात नऊ बळी अशी दुहेरी कामगिरी एकाच माणसाच्या हातून एकाच सामन्यात घडणे किती दुर्मीळ आहे, हे क्रिकेट खेळलेल्या मनुष्यास सांगावयास नको.

यांपैकी मोडले काय? ९१२ हा रणजीतला सर्वोच्च सांघिक आकडा ४८ वर्षे अबाधित राहिला. १९८८-८९ मध्ये पणजी येथे तामिळनाडूने गोव्याविरुद्ध अगदी तोच आकडा गाठला, फक्त बळी दोन कमी गेले होते : ६ बाद ९१२. त्या डावात डब्ल्यू. व्ही. रामन यांनी ३१३ आणि अर्जन कृपालसिंह यांनी नाबाद ३०२ धावा केल्या. पुढे १९९३-९४ मध्ये हैदराबादने आंध्रविरुद्ध ६ बाद ९४४ धावा करून होळकरांना मागे टाकले. त्या डावात एम. व्ही. श्रीधर यांच्या ३६६ धावा होत्या. आकडा मोडला यात वाईट वाटण्याजोगे काहीच नाही. धावांचा ढीग किती उंच व्हावा हे पुष्कळसे खेळपट्टीवर, समोरच्या गोलंदाजीवर आणि कर्णधाराच्या निष्ठुरतेवर अवलंबून असते. तामिळनाडू काय किंवा हैदराबाद काय, दोघांनीही एक-दोन फलंदाजांच्या प्रचंड खेळींवर तो ढीग रचला.

सहा शतकांची गोष्ट निराळी आहे. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका डावात सहा शतके ही घटना आजवर जगात दुसरीकडे घडलेली नाही. कसोटी क्रिकेटमध्ये मजल पाचापर्यंत गेली : १९५५ मध्ये किंग्स्टन येथे ऑस्ट्रेलियाच्या आणि २००१ मध्ये मुलतान येथे पाकिस्तानच्या पाच-पाच फलंदाजांनी एकाच डावात शतके केली. सहावा मात्र तेथेही निघाला नाही. हे अवघड का, याचे कारण उघड आहे. एका फलंदाजाने त्रिशतक ठोकले की तो इतरांची वेळ आणि संधी खाऊन टाकतो. सहाजणांना शंभरी गाठावयाची तर कोणीही फार मोठे होता कामा नये. त्या डावातील सर्वांत मोठी खेळी १७२ ची आहे, याचा अर्थ येथे लागतो.

याच्या नेमके उलट टोक पाहावयाचे असेल तर डिसेंबर १९४३ मधील मुंबईच्या पंचरंगी सामन्यांकडे पाहावे. ‘इतरेजन’ संघाकडून खेळताना सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या विजय हजारे यांनी हिंदू संघाविरुद्ध ३०९ धावा केल्या. संघाच्या सर्व धावा होत्या ३८७! त्यांनी आपला भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेकचा वाटा २१ धावांचा होता. हजारे यांची ती खेळी एकाकी पराक्रमाचा नमुना होय, आणि होळकरांचा डाव हा पंक्तीचा. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते हा वाद व्यर्थ आहे. पण दुसऱ्या प्रकारचा उच्चांक अधिक चिवट असतो, कारण एकट्याच्या प्रतिभेने तो मोडता येत नाही.

असे असले तरी सहा शतके कायमची सुरक्षित आहेत असे मानण्याचे कारण नाही. आजच्या रणजी स्पर्धेच्या बाद फेरीत पाच दिवसांचे सामने होतात, आणि निकाल न लागल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजयी संघ ठरतो. आघाडी हाती आली की घाईने डाव घोषित करण्याची गरज उरत नाही. समोरच्याला दमवीत बसावे, एवढेच काम राहते. याच नियमापोटी २०२२ मध्ये झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० धावा केल्या. त्याच वर्षी जूनमध्ये बंगळूर येथे बंगालने झारखंडविरुद्ध ७ बाद ७७३ धावा केल्या, आणि फलंदाजीस आलेल्या नऊच्या नऊ जणांनी अर्धशतक ओलांडले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते; १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियन संघाच्या आठजणांनी केलेला उच्चांक त्याने मोडला. बंगालच्या नऊ अर्धशतकांपैकी शतके मात्र दोनच झाली. पन्नाशीपासून शंभरीपर्यंतचे अंतर नऊपैकी सातजणांना कापता आले नाही. तेव्हा होळकरांच्या या उच्चांकाला धोका आहे खरा, पण तो दाराशी येऊन ठेपलेला नाही.

त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात, बडोद्याविरुद्ध, सी. के. नायडूंनी २०० धावा केल्या. नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा. म्हणजे हे द्विशतक त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, रणजीच्या अंतिम सामन्यात, कर्णधार असताना केले. सामना होळकरांनी ५६ धावांनी जिंकला. हा पराक्रम पुन्हा होईल काय? आजच्या काळात चाळिशीनंतरचा रणजी खेळाडू हेच अपूर्व समजले जाते. वासिम जाफर यांनी २०१८-१९ मध्ये चाळिशी गाठल्यावर विदर्भाकडून १०३७ धावा केल्या, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु पन्नास आणि चाळीस यांत दहा वर्षांचे अंतर आहे. मानधन, करार, तरुणांची रांग आणि क्षेत्ररक्षणाची आजची अपेक्षा पाहता पन्नाशीच्या फलंदाजाला संघात जागाच मिळणार नाही. मग द्विशतकाची गोष्ट कशाला? नायडू मात्र त्यानंतरही थांबले नाहीत. १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते.

हंगामी उच्चांकांची तुलना करताना एक अडचण वारंवार पुढे येते. हंगाम म्हणजे किती सामने? होळकरांच्या काळी रणजी स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरला तो घरी गेला. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या संघालाही मोजकेच सामने मिळत. १९५७-५८ पासून विभागवार साखळी पद्धत आली, सामने वाढले. २००२-०३ पासून विभाग मोडून गट पडले. २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ स्पर्धेत आले. आता वरच्या गटातील जो संघ अंतिम सामन्यापर्यंत जातो तो एका हंगामात दहा सामने खेळतो.

हाच घोळ अमेरिकेतील बेसबॉलमध्येही आहे, आणि तेथील लोक त्यावर फार हिरिरीने भांडत आले आहेत. शिकागो कब्ज या संघाने १९०६ मध्ये एका हंगामात ११६ सामने जिंकले. २००१ मध्ये सिएटल मॅरिनर्स संघानेही बरोबर ११६ जिंकले. बरोबरी झाली, असे पुस्तक म्हणते. परंतु शिकागोने ते करताना ३६ सामने गमावले होते, सिएटलने ४६. हंगामच मुळी लांबला होता. १९६१ मध्ये रॉजर मॅरिस यांनी ६१ होमरन मारून बेब रूथ यांचा १९२७ मधील ६० चा उच्चांक मोडला, तेव्हाही हीच तक्रार झाली. रूथ यांच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, मॅरिस यांच्या वेळी तो १६२ चा झाला होता. बेसबॉलच्या प्रमुख अधिकाऱ्याने तर दोन्ही आकडे वेगवेगळे नोंदवावेत अशी सूचनाही केली होती. भागाकारातला छेद बदलला की अंशाचा अर्थ बदलतो, हे शाळेतल्या मुलालाही कळते. मोठ्या माणसांना ते क्रीडापृष्ठ वाचताना मात्र आठवत नाही.

आपल्याकडे हे उदाहरण रुसी मोदींचे आहे, आणि त्यात होळकर संघाचा भाग आहेच. १९४४-४५ मध्ये मुंबईच्या मोदींनी एका रणजी हंगामात १००८ धावा केल्या. हजारांचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला गेला. सामने पाच, डाव सात, त्यांतून दोनदा नाबाद, सरासरी २०१.६०. अंतिम सामना होळकरांशी होता. तोपर्यंत त्यांच्या ७५९ धावा झाल्या होत्या. त्या सामन्यात त्यांनी ९८ आणि १५१ धावा काढल्या, आणि हजारावी धाव अखेरच्या डावात होळकर गोलंदाजांच्याच माथी मारली. हा १००८ चा आकडा ४४ वर्षांनी रामन यांनी मोडला, १०१८ धावा करून. गोव्याविरुद्धचे ते ३१३ त्याच हंगामातले. पुढे १९९९-२००० मध्ये हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांनी नऊ सामन्यांत आठ शतकांसह १४१५ धावा केल्या. २०२४-२५ च्या हंगामाअखेर हा आकडा उभाच होता. त्याच्या आसपास पोहोचलेल्यांत मुंबईचे श्रेयस अय्यर (१३२१, २०१५-१६), गुजरातचे प्रियांक पांचाळ (१३१०, २०१६-१७) आणि सिक्कीमकडून खेळलेले मिलिंद कुमार (१३३१, २०१८-१९) हे आहेत.

लक्ष्मण यांचा आकडा मोडता येण्याजोगा आहे काय? दहा सामन्यांच्या हिशेबाने प्रत्येक सामन्यात १४२ धावा हव्यात. अशक्य नाही, पण अट अशी की संघ अंतिम फेरीत गेला पाहिजे आणि फलंदाज साऱ्या हंगामभर उपलब्ध असला पाहिजे. अडचण नेमकी दुसऱ्या अटीत आहे. ज्याची बॅट एवढी तळपते त्याला भारतीय संघाचे किंवा दुय्यम भारतीय संघाचे बोलावणे हंगामाच्या मध्यावर येते. म्हणून हा उच्चांक मोडणारा फलंदाज उत्तम असूनही निवड समितीच्या नजरेतून निसटलेला असावा लागेल, असा विचित्र योग जुळावा लागेल. विदर्भाचे यश राठोड यांनी २०२४-२५ च्या विजेत्या हंगामात ९६० धावा केल्या. म्हणजे अजिंक्य संघाच्या पूर्ण हंगामातही हजार धावा सहजसाध्य नाहीत.

बळींचा आकडा मात्र अलीकडे फार हलला. बिशनसिंग बेदी यांनी १९७४-७५ मध्ये दिल्लीकडून ६४ बळी घेतले होते. तो उच्चांक ४४ वर्षे टिकला. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमन यांनी ६८ बळी घेतले, पण ते नव्या आणि नवशिक्या संघांच्या गटात. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राचे जयदेव उनाडकट ६७ पर्यंत पोहोचले, तेही वरच्या गटात आणि संघाला करंडक मिळवून देऊन. आणि २०२४-२५ मध्ये विदर्भाचा तरुण डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने ६९ बळी घेतले. येथे निव्वळ संख्येपेक्षा समोर कोण होते हे पाहिले पाहिजे. एकाच तक्त्यात ६७, ६८ आणि ६९ एकाखाली एक लिहिले की ते सारखे दिसतात. खेळताना त्यांचे वजन सारखे नव्हते. पद्धत हीच राहिली तर सत्तरचा टप्पाही फार दूर नाही.

ज्या उच्चांकांना खरोखर कोणी हात लावू शकणार नाही, ते होळकर संघाच्या पराक्रमाचे नसून सोसण्याचे आहेत. १९४४-४५ चा तोच अंतिम सामना पुन्हा पाहावा. सामना निकाल लागेपर्यंत खेळावयाचा होता. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, होळकरांनी ३६० आणि ४९२. एकूण २०७८ धावा झाल्या आणि मुंबईने ३७४ धावांनी विजय मिळविला. होळकर संघापुढे विजयासाठी ८६७ धावांचे लक्ष्य होते! इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन त्या वेळी लष्करी नोकरीनिमित्त महूच्या छावणीत होते. ते होळकरांकडून खेळले आणि दुसऱ्या डावात २४९ धावांवर नाबाद राहिले. एका व्यापाऱ्याने शंभरानंतरच्या प्रत्येक धावेमागे पैसे कबूल केले होते आणि आयत्या वेळी गृहस्थ कामानिमित्त बाहेरगावी निघून गेले, असा किस्सा कॉम्प्टन पुढे सांगत. पैसे बुडाले तरी गोष्ट कामास आली म्हणावयाची.

परंतु त्या सामन्याचा खरा नायक एक गोलंदाज होता. सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी त्या सामन्यात १५२ षटके आणि ५ चेंडू टाकले. म्हणजे ९१७ चेंडू. पहिल्या डावात १५३ धावांत ६ बळी, दुसऱ्या डावात २७५ धावांत ५ बळी. एका सामन्यात अकरा बळी घेऊन ४२८ धावा दिलेला आणि हरलेला गोलंदाज! टाकलेले चेंडू आणि दिलेल्या धावा हे दोन्ही आकडे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील जागतिक उच्चांक आहेत. आजच्या पाच दिवसांच्या सामन्यात दिवसाला ९० षटकांच्या हिशेबाने दोन्ही संघांना मिळून ४५० षटके मिळतात. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा एकाच गोलंदाजाला उचलावा लागेल. तसे करणारा गोलंदाज मिळाला तरी त्याला करू देणारा कर्णधार आणि वैद्य मिळणार नाहीत.

सामना निकालापर्यंत चालविण्याच्या पद्धतीने याहूनही अवाढव्य आकडे निर्माण केले. १९४८-४९ चा पुण्यातील मुंबई-महाराष्ट्र उपान्त्य सामना घ्यावा : मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. एका सामन्यात इतक्या धावा जगात अन्यत्र झालेल्या नाहीत आणि होणारही नाहीत, कारण असा सामनाच आता कोणी खेळवीत नाही. त्याच हंगामात निंबाळकर यांनी पुण्यातच महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा तत्कालीन जागतिक उच्चांक नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्ध्यांनी पुढे खेळण्याचे नाकारले. त्यानंतर भारतात चारशेचा आकडा कोणालाच गाठता आलेला नाही. मुंबईचे पृथ्वी शॉ २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ पर्यंत गेले. निंबाळकरांचे हे काम होळकरांच्या खात्यात मोडत नाही, पण इंदूरच्या सहा शतकांतले सर्वांत मोठे शतक ज्या बॅटीतून निघाले तिची ताकद त्यावरून कळते.

होळकरांना सोसावी लागलेली आणखी एक गोष्ट म्हणजे मार्च १९४७ चा बडोद्याचा अंतिम सामना. गुल महंमद यांनी ३१९ आणि हजारे यांनी २८८ धावा केल्या. चौथ्या बळीसाठी दोघांची भागीदारी ५७७ धावांची झाली. कोणत्याही बळीसाठी ही जगातील सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ५९ वर्षे नोंदली गेली. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगक्कारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागीदारी करून ती मोडली. रणजीपुरते बोलावयाचे तर २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध तिसऱ्या बळीसाठी अभेद्य ५९४ धावा जोडल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरी येथे गोव्याच्या कश्यप बकले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिसऱ्याच बळीसाठी अभेद्य ६०६ धावांची मजल मारली. बकले नाबाद ३००, कवठणकर नाबाद ३१४. चौथ्या बळीचा उच्चांक मात्र अजून हजारे आणि गुल महंमद यांचाच आहे. होळकर संघाने तो सामना एक डाव आणि ४०९ धावांनी गमावला. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराभव कोणाच्याही वाट्याला येऊ नये. आणि पुढच्याच वर्षी, १९४७-४८ मध्ये, त्याच संघाने मुंबईला नऊ गडी राखून हरवून करंडक परत आणला.

एका हंगामापलीकडे पाहिले तर होळकरांचा मोठेपणा अधिक स्पष्ट होतो. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम सामना खेळला. चारदा जिंकला, सहादा हरला. फक्त १९४८-४९ मध्ये त्याचे नाव अंतिम सामन्यात नाही. पुढे मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक आपल्याकडे ठेवला, त्यापुढे होळकरांची चार अजिंक्यपदे लहान दिसतात. परंतु एका पराभवाने हंगाम संपणाऱ्या बाद पद्धतीत, मुंबईसारखे अफाट शहर पाठीशी नसताना, एका संस्थानी संघाने हे केले. अडतीस संघांच्या आजच्या स्पर्धेत अकरांपैकी दहा वेळा अंतिम फेरी गाठणे कोणालाही फार जड जाईल.

१९५५ नंतर होळकर संघाची जागा मध्यभारत संघाने आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नवे राज्य झाल्यानंतर लवकरच मध्य प्रदेश संघाने घेतली. आज प्रशासकीय विभागणीत धार इंदूर विभागात आहे आणि देवास उज्जैन विभागात. पण रणजीसाठी दोन्हीकडची मुले एकाच मध्य प्रदेश संघात जाण्याची स्वप्ने पाहतात. इंदूरच्या मोठ्या मैदानाला २०१० पासून होळकर यांचे नाव आहे. आकड्यांची पुस्तके मात्र कठोर असतात. होळकरांची चार अजिंक्यपदे ती मध्य प्रदेशाच्या खात्यात लिहीत नाहीत.

त्या खात्यात पहिली नोंद पडावयास जून २०२२ उजाडावा लागला. १९५२-५३ च्या होळकर विजयानंतर एकोणसत्तर वर्षांनी. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामन्यात समोर मुंबई होती. प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांनी कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी मिळवूनही अंतिम सामना गमावला होता. या वेळी मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने ५३६ धावांचे उत्तर दिले आणि सामना सहा गडी राखून जिंकला. त्या डावात यश दुबे यांनी १३३, शुभम शर्मा यांनी ११६ आणि इंदूरच्या रजत पाटीदार यांनी १२२ धावा केल्या. एका डावात तीन शतके. इंदूरच्या जुन्या डावातल्या शतकांच्या बरोबर निम्मी.